स्तनवृद्धीच्या ऑपरेशननंतर घरी गेल्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिस्चार्ज कार्डावर ‘जड वस्तू उचलू नये’ एवढी एक ओळ असते. घरी गेल्यावर फोन येतो, “सिस्टर, भरलेला कुकर जड धरायचा का?” प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात काम करताना असे जे प्रश्न सारखे कानावर येतात, तेच इथे घेतले आहेत. ही माहिती इम्प्लांट, म्हणजे सिलिकॉनची जेल किंवा सलाइन (मिठाचं पाणी) भरलेली पिशवी, बसवून स्तनांचा आकार वाढवून घेतलेल्या बायकांसाठी आहे. तुमच्या सर्जननी यापेक्षा वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. आत काय केलंय ते त्यांना माहीत आहे.

पहिले काही दिवस किती दुखतं?

इम्प्लांट कुठे ठेवलंय त्यावर आहे. स्नायूच्या वर, म्हणजे दुधाच्या ग्रंथींच्या मागे ठेवलं असेल तर त्रास कमी. छातीच्या मोठ्या स्नायूखाली ठेवलं असेल तर तो स्नायू ताणला गेलेला असतो आणि पहिले तीन-चार दिवस जड जातात. बहुतेक जणी ‘दुखतंय’ असं म्हणतच नाहीत. ‘छाती आवळून बांधल्यासारखी वाटते, खोल श्वास घेता येत नाही’ असं म्हणतात. सकाळी उठताना हे सगळ्यात जास्त जाणवतं, हिंडल्या-फिरल्यावर सैल पडतं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून फरक कळायला लागतो.

गोळी दुखायला लागल्यावर घेऊ नका, पहिले दोन-तीन दिवस सांगितलेल्या वेळेला घ्या. दुखणं एकदा वर चढलं की ते खाली आणायला जास्त औषध लागतं. मात्र लिहून दिलेल्या गोळीत पॅरासिटामॉल असेल आणि वर तुम्ही सर्दीची गोळी घेतली, तर त्यातही बहुधा तेच असतं. दोन्हींची पाकिटं वाचून बघा. अ‍ॅस्पिरिन, माशाच्या तेलाच्या आणि लसणाच्या कॅप्सूल, ‘ई’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या, कुणी दिलेलं काढ्याचं चूर्ण, हे सगळं डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका, काहींनी रक्त गोठायला वेळ लागतो. फोडणीतल्या लसणाचं काही नाही.

जोरकस पेनकिलरने पोट साफ होत नाही, हेही कुणी आधी सांगत नाही. कुंथताना छातीवर जोर येतो. पाणी भरपूर प्या, रात्री इसबगोल घ्या आणि घरातल्या घरात चालत राहा.

घरी कुणालाच सांगायचं नाहीये. चालेल का?

ऑपरेशन तुमचं, सांगायचं की नाही हा निर्णयही तुमचाच. हॉस्पिटलमधून कुणी तुमच्या परवानगीशिवाय काही सांगणार नाही. पण एक अडचण स्पष्ट सांगते. टाके उसवून, नाहीतर एका बाजूला रक्त साठून परत येणाऱ्यांमध्ये मला ज्या दिसतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणींनी घरी ‘छोटी गाठ काढली’ असं सांगितलेलं असतं. छोटीच गाठ होती म्हटल्यावर तिसऱ्या दिवशी सासूबाई पोळ्यांना हाक मारणारच, आणि ‘नको’ म्हणायला तुमच्याकडे कारण उरत नाही.

तेव्हा एकीला तरी सांगा. बहीण, मैत्रीण, नवरा, कुणीही. पहिले तीन दिवस ती व्यक्ती रात्री घरात हवी आणि त्यानंतर काही आठवडे बादली उचलायला कुणीतरी हवं. बाकीच्यांना काही कारण द्यायचंच असेल तर निदान भक्कम द्या: ‘छातीच्या स्नायूचं ऑपरेशन झालंय, दीड महिना वजन उचलायचं नाही.’ यात खोटं फारसं काही नाही.

झोपायचं कसं? आमच्याकडे जमिनीवर गादी घालतात.

पाठीवर, पाठीखाली दोन-तीन उश्या घेऊन, डोकं आणि छाती उंचावर. पहिले दोन आठवडे असंच. सूज कमी राहते आणि उठायलाही बरं पडतं. कुशीवर कधी वळायचं ते सर्जनना विचारा, साधारण तीन-चार आठवड्यांनी परवानगी मिळते. पोटावर मात्र दीड-दोन महिने नाही.

खरी अडचण झोपण्याची नाही, उठण्याची आहे. जमिनीवरच्या गादीवरून आपण उठतो ते तळहात टेकवून, आणि तो सगळा जोर छातीच्या त्याच स्नायूवर येतो. म्हणून दोन आठवड्यांपुरता पलंग, दिवाण, आरामखुर्ची, काय मिळेल ते बघा. उठताना गुडघे मुडपा, पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडा आणि पायांच्या वजनानेच अंग वर येऊ द्या. मदतीला कुणी असेल तर त्यांनी तुमच्या पाठीमागे हात घालून उचलावं. हाताला धरून ओढणं साफ बंद. माया म्हणून नवरा दोन्ही हात धरून ओढतो आणि बाई कळवळते, हे वॉर्डात रोज बघते.

भारतीय पद्धतीच्या संडासाचंही तेच. नळाला धरून उठू नका. शक्य असेल तर कमोड वापरा, नाहीतर वर ठेवायची प्लास्टिकची खुर्ची औषधांच्या मोठ्या दुकानात मिळते.

घरातली कामं कधीपासून?

बसून भाजी निवडणं, गॅसपाशी उभं राहून चहा करणं, कपड्यांच्या घड्या घालणं ही कामं तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून करायला हरकत नाही. कोपर अंगालगत राहील तोवर स्नायूवर फारसा ताण येत नाही.

कणीक मळणं चार ते सहा आठवडे बंद. बायकांना हे पटत नाही, कारण कणकेचा गोळा जड नसतो. पण इथे वजनाचा प्रश्नच नाही. छातीचा स्नायू दंडाच्या हाडाला जोडलेला असतो आणि हात पुढे रेटायचं काम तोच करतो. मळताना तुम्ही तेच तर करता, तेही दहा मिनिटं. फरशी पुसणं, पाटा-वरवंटा, घट्ट बसलेलं बरणीचं झाकण, दुकानाचं शटर, अडकलेली सरकती खिडकी, सगळ्यांना हाच नियम.

वजनाचं म्हणाल तर पहिले काही आठवडे दोन-तीन किलोंच्या वर जाऊ नका. भरलेला पाच लिटरचा कुकर सहज चार-पाच किलोंचा होतो. पाण्याचा हिशेब सोपा आहे: एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणजे आंघोळीची भरलेली बादली पंधरा-वीस किलोंची. गॅसचा भरलेला सिलिंडर तिसेक किलोंचा, त्याला तर हातही लावू नका. नळाला पाणी ठरावीक वेळेलाच येत असेल आणि भरायचं तुम्हीच असाल, तर ऑपरेशनची तारीख ठरवण्याआधी त्याची सोय करा.

याचा अर्थ हात अंगाला चिकटवून बसायचं असाही नाही. तसं केलं की खांदा आखडतो. दुसऱ्या दिवसापासून खांदे हळू गोल फिरवायचे. हात डोक्यावर कधी न्यायचे ते सर्जन सांगतील. वेणी घालणं आणि वरच्या फळीवरचा डबा काढणं तोवर दुसऱ्याकडे.

मूल लहान आहे. कडेवर घेऊ शकते का?

चार ते सहा आठवडे नाही. दीड वर्षाचं मूल दहा किलोंच्या आसपास असतं आणि ते शांत बसत नाही. तुम्ही सोफ्यावर बसा, मांडीवर उशी ठेवा आणि दुसऱ्या कुणालातरी मूल आणून द्यायला सांगा. रात्री ते छातीवर लाथ मारणार हे गृहीत धरा आणि काही दिवस वेगळं झोपवा. एकटीने मूल सांभाळत असाल तर ऑपरेशन पुढे ढकललेलं बरं.

आंघोळ?

बहुतेक सर्जन ४८ तासांनंतर अंगावर पाणी घेऊ देतात, काही जण ड्रेसिंग निघेपर्यंत कमरेखालीच. तांब्याने घ्या, पाणी कोमट ठेवा, टाक्यांची जागा चोळू नका, टिपून कोरडी करा. टब, पोहण्याचा तलाव, नदी, समुद्र चार-सहा आठवडे नाही. गणपतीपुळ्याची सहल ठरली असेल तर किनाऱ्यावर बसा.

जखमेवर हळद, तूप, खोबरेल काही लावू नका. शेक आणि बर्फ दोन्ही डॉक्टरांना न विचारता नको. काही आठवडे तिथली कातडी बधिर असते, चटका बसला तरी कळत नाही.

भात खाल्ला तर पू होतो का? वांगं, बटाटा, आंबट?

नाही. पू जंतूंमुळे होतो, भातामुळे नाही. हे पथ्य घरोघरी इतकं पक्कं आहे की वाद घालण्यात अर्थ नसतो. वांगं नको म्हणत असतील तर नका खाऊ, काही बिघडत नाही. पण पथ्याच्या नावाखाली आठवडाभर नुसता मऊ भात आणि मेतकूट खाऊन राहणं चूक. जखम भरायला प्रथिनं लागतात: वरण, उसळी, दही, पनीर, अंडी, मासे, जे घरात चालतं ते. लिंबू, आवळा, पेरू खुशाल खा. पापड-लोणची थोडे दिवस कमी करा, मिठाने सूज रेंगाळते.

मशेरी लावते. त्याने काय होतं?

हा प्रश्न आम्हालाच विचारावा लागतो, आपणहून कुणी सांगत नाही. ‘सिगारेट ओढता का’ या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर खरंच असतं, आणि मशेरी, तंबाखू, गुटखा हे तंबाखूच आहेत हे त्या वेळी डोक्यात येत नाही. निकोटिनने कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, टाक्यांच्या कडांना रक्त कमी पोचतं आणि जखम उघडते किंवा काळी पडते. ऑपरेशनच्या आधी चार आणि नंतर चार आठवडे, निदान इतके दिवस, पूर्ण बंद. व्हेप, म्हणजे ई-सिगारेटही त्यातच आली. लपवू नका, सर्जनला तारीख पुढे नेता येते. दारूही गोळ्या चालू असेपर्यंत नको.

कोणती ब्रा, किती दिवस?

पुढून उघडणारी, तार नसलेली, रुंद पट्ट्याची सर्जिकल किंवा स्पोर्ट्स ब्रा, साधारण चार ते सहा आठवडे दिवसरात्र. दोन घ्या, एक धुवायला. मापाची घाई नको. सूज उतरेपर्यंत महागडी ब्रा घेण्यात पैसे वाया जातात. काही सर्जन वरून एक पट्टाही देतात, तो इम्प्लांट खाली सरकावं म्हणून असतो.

डोक्यावरून घालायचे कुर्ते तूर्त बाजूला ठेवा. पुढे बटणं असलेला गाऊन सगळ्यात सोयीचा, नाहीतर नवऱ्याचा ढगळ शर्ट. मंगळसूत्र लांब असेल तर त्याच्या वाट्या ड्रेसिंगच्या कडेत अडकतात, तेव्हा आखूड घाला. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत ऑपरेशन केलं तर ब्राच्या पट्टीखाली घामोळं ठरलेलं. मऊ सुती कापडाची पट्टी मध्ये ठेवा, दिवसातून दोनदा बदला. शक्य असेल त्यांनी थंडीचे दिवस निवडावेत.

ऑफिस, स्कूटर, लोकल?

बसून काम असेल तर सात ते दहा दिवसांत जाता येतं. घरून काम करत असाल तर लॅपटॉप समोर टेबलावर ठेवा, पलंगावर वाकून नको.

चारचाकी चालवायची तर गुंगी आणणाऱ्या गोळ्या बंद झालेल्या हव्यात आणि अचानक ब्रेक दाबून स्टिअरिंग जोरात फिरवता यायला हवं. याला एक-दोन आठवडे लागतात. दुचाकीला जास्त. पुण्यात अ‍ॅक्टिव्हाशिवाय पान हलत नाही हे मान्य, पण स्कूटर मेन-स्टँडला लावताना लागणारा झटका आणि खड्ड्यात हँडल सावरताना दंडाला बसणारा हिसका, दोन्ही वाईट. तीन-चार आठवडे थांबा. मागे बसून जाण्यालाही दोन आठवडे तरी नाहीच म्हणेन. लोकलमध्ये गर्दीच्या वेळेला महिनाभर चढू नका. लेडीज डब्यात कोपर कुणाचं कुठे लागेल सांगता येत नाही.

एक बाजू वर, एक खाली दिसते. काही चुकलं का?

पहिल्या महिन्यात जवळजवळ सगळ्यांना असंच वाटतं. स्नायूखालचं इम्प्लांट सुरुवातीला वर चढलेलं, घट्ट आणि चकचकीत दिसतं. स्नायू सैल पडत जातो तसं ते खाली येऊन बसतं, याला तीन ते सहा महिने लागतात. उजव्या हाताने काम करणाऱ्या बाईची उजवी बाजू अनेकदा मागे राहते. मूळचे स्तनही कधी अगदी सारखे नसतात. आरशासमोर रोज फोटो काढून मैत्रिणीच्या फोटोशी ताडून बघू नका. महिन्याला एक फोटो पुरे.

बधिरपणा, झिणझिण्या, आतून आवाज?

स्तनाग्रं बधिर होणं किंवा उलट कपडा लागला तरी झोंबणं, विजेसारखी चमक जाणं, हलल्यावर चुळचुळ आवाज येणं हे सगळं नेहमीचं. आवाज आत राहिलेल्या हवेचा आणि पाण्याचा, तो काही आठवड्यांत जातो. संवेदना परतायला महिने लागतात आणि काही जणींना ती पूर्ण परत येत नाही. स्तनाखाली दोरीसारखी दुखरी रेघ हाताला लागली तर ती बहुधा वरवरची शीर गोठल्याने असते, आपोआप बसते. तरी दाखवून घ्या.

रात्री-अपरात्री फोन करावा असं काय असतं?

पहिल्या दोन-तीन दिवसांत एकच बाजू झपाट्याने फुगली, ताणून दगडासारखी झाली, निळसर पडली, तर आत रक्त साठतंय असं समजा. सकाळपर्यंत थांबू नका. पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन ते काढावं लागतं आणि वेळेत काढलं तर पुढे सगळं सुरळीत होतं.

१००.४ अंश फॅरेनहाइटच्या वर ताप, एका बाजूला वाढत जाणारी लाली आणि गरमपणा, टाक्यांतून घाण वास येणारा स्राव ही जंतुसंसर्गाची लक्षणं. ती पहिल्या आठवड्यात येतात तशी महिन्यानेही येतात. घरात पडलेली जुनी अँटिबायोटिक घेऊन दोन दिवस वाट बघणं हे सगळ्यात महागात पडतं, कारण संसर्ग इम्प्लांटपर्यंत गेला तर ते काढून टाकावं लागतं आणि काही महिने थांबून नवीन बसवावं लागतं.

एका पायाची पोटरी सुजून दुखणं, एकदम धाप लागणं, छातीत कळ येणं: यात सर्जनच्या फोनचीही वाट बघायची नाही, १०८ ला फोन करून जवळचं मोठं हॉस्पिटल गाठायचं. पायातल्या शिरेतली गुठळी फुप्फुसात गेल्याची ही लक्षणं असू शकतात. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर हे ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना सांगितलेलं असावं.

आता उगाच केलं असं वाटतंय.

तिसऱ्या ते सातव्या दिवसात हे फार जणींना वाटतं. भूल उतरलेली, झोप नाही, अंग सुजलेलं, आणि आरशात दिसते ती आपली छाती वाटत नाही. त्यात कुणाला सांगितलेलं नसेल तर रडायलाही जागा नसते. सूज उतरते तसं मन बहुतेक वेळा सावरतं. दोन-तीन आठवड्यांनंतरही सावरलं नाही, जेवण-झोप गेली, तर सर्जनना तसं सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

व्यायाम आणि शरीरसंबंध?

चालणं पहिल्या दिवसापासून. पायांचे व्यायाम, स्थिर सायकल तीन आठवड्यांनी. सूर्यनमस्कार, दंड, वजनं दीड-दोन महिन्यांनंतर, तेही विचारून. शरीरसंबंध दोन-तीन आठवड्यांनी चालतात, छातीवर भार आणि हात नको, हे नवऱ्याला आधीच स्पष्ट सांगा.

वण जाईल?

पूर्ण जात नाही, फिकट होतो. दोन-तीन महिने तो लाल-जाड दिसतो, मग वर्ष-दीड वर्षात बसत जातो. आपल्या कातडीत वण फुगण्याची प्रवृत्ती जास्त असते. कान टोचल्यावर किंवा सिझेरियननंतर गाठीसारखा वण आला असेल तर ते आधी सांगा. जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉनची जेल किंवा पट्टी लावतात.

पुढे बाळाला पाजता येईल?

बहुतेकींना येतं. स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळातून छेद घेतला असेल तर अडचण येण्याची शक्यता जास्त, स्तनाखालच्या घडीतून घेतला असेल तर कमी.

इम्प्लांट जन्मभर टिकतं का? कॅन्सरचं काय?

जन्मभराची वस्तू नाही. सिलिकॉनचं पहिलं इम्प्लांट १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला बसवलं गेलं, तेव्हापासून पुष्कळ सुधारणा झाल्या. तरीही अमेरिकेची औषध नियामक संस्था, एफडीए, सांगते की पाचातल्या एकीपर्यंत बायकांना ८ ते १० वर्षांत इम्प्लांट काढावं लागतं. कधी इम्प्लांटभोवती शरीराने तयार केलेलं आवरण आवळून घट्ट होतं, कधी इम्प्लांट फुटतं. सलाइनचं फुटलं तर काही दिवसांत स्तन बसतो, लगेच कळतं. सिलिकॉनचं फुटलेलं बहुतेकदा बाहेरून कळत नाही. म्हणून लक्षणं नसली तरी पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि मग दर दोन-तीन वर्षांनी, असा एफडीएचा सल्ला आहे.

खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती लिम्फोमा प्रकारचा एक दुर्मीळ कॅन्सर आढळला. त्यामुळे २०१९ साली अ‍ॅलरगन कंपनीची बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत बोलावली गेली. तो सहसा काही वर्षांनी, एका बाजूला पाणी साठून आलेल्या सुजेच्या रूपात दिसतो. महिन्या-दोन महिन्यांत दिसणारी सूज आणि आठ वर्षांनी अचानक आलेली सूज यांत फार फरक आहे, दुसरी ताबडतोब दाखवा.

यासाठी डिस्चार्जच्या वेळी इम्प्लांटचं कार्ड मागून घ्या. त्यावर कंपनी, प्रकार, माप आणि अनुक्रमांक असतो. फाइल लपवायची म्हणून बायका ते फाडून टाकतात आणि दहा वर्षांनी आत काय आहे हे कुणालाच सांगता येत नाही. कार्डाचा फोटो काढून स्वतःच्या ईमेलवर पाठवा, मग कागदाचं काय करायचं ते करा. मॅमोग्राफीला जाल तेव्हाही तंत्रज्ञांना आधी सांगा, इम्प्लांट मागे सारून वेगळ्या पद्धतीने फोटो घ्यावे लागतात.

मेडिक्लेम मिळतो का?

केवळ आकारासाठी केलेल्या ऑपरेशनला नाही. कॅन्सर, अपघात किंवा भाजल्यानंतरच्या पुनर्रचनेला पॉलिसीच्या अटींप्रमाणे मिळू शकतो. आकारासाठीच्या ऑपरेशनमधून काही गुंतागुंत झाली तर तिचा खर्चही बहुधा नाकारतात, तेव्हा हातात थोडे पैसे बाजूला ठेवूनच तारीख घ्या.